पापणीची शस्त्रक्रिया: केली असेल, करायची असेल, लपवली असेल, तर इथे लिहा

चाफेकळी
परवा तपासणीत उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. घरी येऊन जाऊबाईंना फोन केला, तर पलीकडून, "अगं, तुझा तर मागेच झालाय ना? दोन्ही डोळ्यांचा?" मला आधी कळेचना ह्या काय बोलताहेत. मग आठवलं आणि घाम फुटला. मागे झाला तो मोतीबिंदू नव्हताच. वरच्या पापण्यांची लोंबलेली कातडी काढून घेतली होती मी, आणि अख्ख्या गोतावळ्याला मोतीबिंदू म्हणून सांगितलं होतं. आता ह्या नव्या मोतीबिंदूचं काय सांगायचं ते सुचवा. पण त्याआधी जुनं प्रकरण.

आमच्या माहेरी सगळ्यांच्याच पापण्या जड. आत्यांचे लग्नातले फोटो बघा, एकजात पेंगलेल्या. माझी कातडी पंचेचाळिशीनंतर थेट पापणीच्या केसांवर टेकायला लागली. काजळ लावलं की तासाभरात वरच्या घडीत उमटायचं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं, कारण दिवसभर भुवया वर ताणूनच मी फळ्यावर लिहायचे. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं, तोवर सगळे चष्म्याच्या नंबरलाच दोष देत होते. वर्गातली पोरं विचारायची, "बाई, झोप येतेय का?" आणि खरं सांगायचं तर आरशात मला ते आवडतही नव्हतं. दोन्ही कारणं होती, कुठलं जास्त ते विचारू नका.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर आडवं करायच्या आधी खुर्चीत ताठ बसवून डॉक्टरबाईंनी पेनने पापणीवर रेघा आखल्या. मग बोथट चिमट्याने रेघांमधली कातडी धरायच्या आणि म्हणायच्या, "मिटा डोळे." नीट मिटले नाहीत की रेघ पुसून खाली. "इथे लोभ करायचा नसतो," म्हणाल्या. भुलीची सुई मात्र चुरचुरते हं, डोळ्यांतून पाणी काढते. नंतर दुखलं काही नाही, पण जागीच होते. रक्त थांबवायला डागतात त्याचा जळका वास, आणि मधूनमधून "उघडा, मिटा, वर बघा". पट्टी वगैरे नाही, नुसतं मलम, त्यामुळे घरी येईपर्यंत सगळं धूसर. पहिले दोन दिवस बर्फ आणि डोक्याखाली उंच उशा. सूज वाढून वाढून डोळ्यांच्या फटी राहिल्या, रंग जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत गालापर्यंत उतरला. आठवड्याच्या आत टाके निघाले.

बघायला येणारे शहाळी घेऊन आले, मी काळा गॉगल लावून "मोतीबिंदू" म्हणून बसले. सासूबाईंना मात्र पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मलम लावता लावता म्हणाल्या, "मोतीबिंदूचे टाके पापणीवर घालतात होय?" बास. पुढे देवाघरी जाईपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही त्यांनी.

तुम्ही कुणी केलं असेल तर लिहा. लपवलं असेल तर नक्कीच लिहा.

कोथिंबीरवडी
सासूबाईंना साष्टांग दंडवत 😂
जाऊबाईंना सांगायचं की मोतीबिंदू परत आला. काहींना खरंच आत बसवलेल्या भिंगामागचा पडदा काही वर्षांनी गढूळ होतो आणि लेझरने साफ करतात, त्यामुळे कुणाला शंका येणार नाही.

चाफेकळी
अगं, पण मग भिंग कुठलं बसवलं होतं तेही विचारतील ना!

मुळशीकर
आमच्या बाबांची केली. कॉस्मेटिक नव्हती, आधीच सांगतो. एसटीत चालक होते, आता निवृत्त. मोतीबिंदू (खराखुरा) होऊन गेला तरी "वरचं दिसत नाही, सिग्नल चुकतो" चालूच. सगळ्यांना वाटलं वयाचं खूळ. मग एका डॉक्टरांनी फील्डची (नजर न हलवता आजूबाजूचं किती दिसतं त्याची) तपासणी केली, ते भांड्यात तोंड घालून दिवे मोजतात ना, ती. एकदा तशीच आणि एकदा पापणीची कातडी चिकटपट्टीने वर चिकटवून. पहिल्या कागदावर वरचा सगळा भाग काळा, दुसऱ्यावर जवळजवळ साफ. बाबा त्या चिकटपट्टीवरच खूश होते, म्हणाले अशीच राहू द्या.
विमा कंपनीने कॉस्मेटिक म्हणून फेटाळलं. पॉलिसी वाचून काढली. सगळ्यांच्याच पॉलिसीत आता हे सारखं कलम असतं, की सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे, पण अपघात, भाजणं, कॅन्सर नंतरची किंवा वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर चालते. ते दोन्ही कागद आणि डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा पाठवलं, बरीच बोलणी झाली, शेवटी थोडे कापून बाकीचे दिले. ज्यांना करायची आहे त्यांनी फील्डचे कागद ऑपरेशनच्या आधी करून ठेवा. नंतर काय दाखवणार?

दुपारचा_चहा
"कॉस्मेटिक नव्हती, आधीच सांगतो" 😀 हे वाक्य येणार हे माहीतच होतं. मी सांगते, माझी फक्त दिसण्यासाठी होती. फील्ड उत्तम, कपाळ ठणकत नव्हतं, सिग्नल दिसत होते. ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, "काय गं, बरं नाही का? रडलीस का?" मला बरं होतं. मी रडले नव्हते. ते वाक्य ऐकायचा कंटाळा आला म्हणून स्वतःच्या पगारातून केली. दात सरळ करायला कुणाला कारण द्यावं लागत नाही, केसांना रंग लावायला नाही, पण पापणी म्हटलं की आधी तपासणीचा कागद दाखवा.
बिलावर १८ टक्के जीएसटी लागला ते मात्र झोंबलं. उपचाराला जीएसटी नसतो, हौसेला असतो.

मुळशीकर
ताई, तसं म्हणायचं नव्हतं. विम्याच्या सवयीने लिहिलं गेलं. आता कुणीही विचारलं तरी तोंडात तेच वाक्य येतं.

दुपारचा_चहा
कळलं हो दादा, गंमत केली. बाबांना नमस्कार सांगा.

कोथिंबीरवडी
माझं उलट. खालच्या पिशव्या काढायला गेले आणि न करताच परत आले. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असायचं, ते कातडीचं नसून आतल्या चरबीचं असतं म्हणे, वयाने तिला धरून ठेवणारा पडदा सैल होतो. डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि म्हणाले आधी थायरॉइड करून या. आला वाढलेला. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी निम्म्याहून जास्त सूज आपोआप गेली. उरलेल्या पिशव्या आईच्याच आहेत, राहू देत.
कुकर झाला, नंतर येते.

सोलवासी
मी सोलमध्ये, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे हा विषय म्हणजे आपल्याकडे कान टोचण्याइतका उघडा. पापणीवर दुसरी घडी पाडून घेतात. नोव्हेंबरमध्ये कॉलेज प्रवेशाची ती मोठी परीक्षा होते, सुनुंग, आणि ती संपली की दवाखान्यांत मुलींची (मुलांचीही) रांग. आईबाप बक्षीस म्हणून करून देतात. अप्कुजोंगच्या बाजूला गेलात तर एकेका इमारतीत मजल्यामागून मजले हेच. मास्क आणि टोपी घालून टाक्यांसकट लोक मेट्रोत, कुणी ढुंकून बघत नाही.
माझी शेजारीण शिक्षिका आहे, तिला विचारलं तर म्हणाली, तिच्या आईच्या वेळी लपवायचे, आता न केलेल्याला विचारतात का नाही केलंस. मला यातलं कुठलं बरं ते ठरवता येत नाही. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी तिच्या पापण्यांकडे बघून "तुझी घडी खरी आहे?" म्हणून विचारतात.
इतिहास थोडा मजेशीर. जपानात १८९६ मध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी एका बाईवर केलेली ही घडीची शस्त्रक्रिया पहिल्यांदा नोंदवली. तिच्या एकाच पापणीला घडी नव्हती, दुसरीला होती. कोरियात ती रुजली युद्धानंतर, अमेरिकन लष्करासोबत आलेल्या मिलार्ड नावाच्या प्लास्टिक सर्जनपासून, साधारण १९५४. आला होता भाजलेल्या, जखमी लोकांसाठी. त्यावर इथले लोक आजही वाद घालतात, पाश्चात्त्यांसारखं दिसायचं म्हणून की आपल्यातच निम्म्यांना ती घडी असते म्हणून.
आणि हो, ऑपरेशननंतर सूज उतरायला भोपळ्याचा रस पितात. पाकिटं मिळतात पाकिटं!

चाफेकळी
भोपळ्याचा?? लाल की दुधी?

सोलवासी
लाल. उकडून गाळलेला. गोडसर लागतो. बाळंतिणीलाही देतात.

नेत्रपल्लवी
मी नेत्रतज्ज्ञ आहे, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय त्यामुळे तुटक.
भोपळ्याचा रस प्या, अपाय नाही, सूज मात्र मुख्यतः बर्फ आणि उंच उशीनेच उतरते. पहिले ४८ तास बर्फ, तोही थेट नाही, स्वच्छ रुमालात. वाकून केर काढणं, पाण्याची बादली उचलणं, जोरात शिंकरणं टाळा. अॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या याही सांगाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच लोक सांगत नाहीत.
डोळे आधीपासून कोरडे असतील तर शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जास्त खुपतात. चाफेकळीताईंच्या डॉक्टरांनी चिमट्याने धरून डोळा मिटायला लावला तो त्यासाठीच. कमी काढलं तर परत काढता येतं, जास्त काढलं तर परत लावावं लागतं, म्हणजे दुसरीकडची कातडी आणून.
घाबरवायचं नाही, पण हे प्रत्येकाने लक्षात ठेवा: पहिल्या दिवसांत अचानक जोरात दुखायला लागलं, डोळा दगडासारखा घट्ट होऊन बाहेर आला, दिसणं कमी झालं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, ताबडतोब निघा. आत रक्त साठून नसेवर दाब येतो. फार क्वचित होतं, पण तासांचा खेळ असतो.

वऱ्हाडी_ठेचा
नेत्रपल्लवी मॅडमच्या पुढं एक जोडतो. माझ्या मायची एक पापणी पडायची. सकाळी ठीक, संध्याकाळी अर्धा डोळा झाकलेला. सगळे म्हणत वय झालं, एक ठिकाणी तर ऑपरेशनची तारीखच देत होते. नागपुरात एका डॉक्टरबाईनं फक्त विचारलं, "आजी, जेवताना जबडा थकते काय? संध्याकाळी आवाज नाकातून येते काय?" दोन्ही होय. तिथंच मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ ठेवला आणि काढला तर पापणी वर! आम्ही पाहातच राहिलो, मायले वाटलं जादू केली. मायस्थेनिया निघाला. नसांकडून स्नायूला निरोप पोचत नाही असा आजार. रक्ततपासणी, छातीचा स्कॅन, पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या. पापणी कापली असती तर काय उपयोग होता सांगा. दिवसभरात कमीजास्त होणारी पापणी असेल तर आधी हे विचारा.

नेत्रपल्लवी
अगदी. आणि अचानक एका दिवसात पडलेली पापणी, त्यात डोकं दुखतंय, दोन दोन दिसतंय किंवा बाहुली मोठी झालीये, तर तो पापणीचा प्रश्नच नसतो. थेट तातडीच्या विभागात.

अंगणातली_तुळस
माझ्या पापणीला सारखी रांजणवाडी येते त्यावर काही सांगा ना कुणीतरी

कोथिंबीरवडी
लवंग उगाळून लाव. आमची आजी तळहातावर बोट घासून गरम बोट टेकवायची. तिच्या मते रांजणवाडी कुणाचं तरी देणं राहिलं की होते.

मुळशीकर
मग माझ्या दोन्ही डोळ्यांवर कायमची असायला हवी. गृहकर्ज.

नेत्रपल्लवी
लवंग नको हो, डोळ्यात गेली तर वेगळं पेशंट व्हाल 🙏 कोमट शेक, दिवसातून तीनचारदा, दहा मिनिटं. फोडू नका. सारखी येत असेल तर साखर तपासा.

हडसनकाठची
न्यू जर्सीतून. माझी इन्शुरन्सने दिली पण केवढे सोपस्कार! समोरून फोटो, बाजूने फोटो, पट्टी लावून आणि न लावता फील्ड. बाहुलीच्या मधोमध जी चकाकी दिसते तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर ते मोजतात, दोन किंवा त्याहून कमी असेल तर पुढे बोलायचं. माझं बसलं कसंबसं.
पण लिहायला आले ते वेगळ्याच कारणासाठी. टाके काढायच्या आदल्या दिवशी दुकानात भाजी घ्यायला गेलो, दोन्ही डोळे जांभळे. काउंटरवरची बाई माझ्या नवऱ्याकडे अशी बघत होती की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मग तिने हळूच मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? कुणाशी बोलायचंय का?" मी हसत सुटले, त्यामुळे तिला आणखीनच संशय आला. घरी आल्यावर नवरा म्हणतो, आता तू बरी होईपर्यंत मी गाडीतच बसणार.
पण खरं सांगू, आवडलं मला तिने विचारलेलं.

दुपारचा_चहा
माझ्याकडे धुणंभांडीवाल्या मावशींनी नवऱ्याला आठवडाभर चहा दिला नाही! मी शपथेवर सांगितलं ऑपरेशन आहे म्हणून, तरी म्हणाल्या, "समद्या असंच म्हनत्यात." सोसायटीत मात्र सगळ्यांनी परस्पर ठरवलं की हिचे डोळे आलेत. एक माणूस दारात फिरकला नाही. एवढी विश्रांती बाळंतपणात मिळाली नव्हती.

पंचगंगा
इथलं वाचून लिहायचं की नाही विचार करत होते. माझ्या लेकाला जन्मापासून एक पापणी पडलेली. पापणी उचलणारा स्नायूच नीट तयार झाला नव्हता. हनुवटी वर करून बघायचा, नातेवाईक म्हणायचे केवढा ऐटबाज. पापणीने बाहुली झाकली की मेंदू त्या डोळ्याचं बघणंच शिकत नाही, डोळा आळशी होतो, म्हणून लवकर केलं. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात. सिलिकॉनच्या बारीक दोरीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. आता तो भुवई उचलली की डोळा उघडतो. झोपेत मात्र तो डोळा किंचित उघडाच राहतो, रोज रात्री मलम घालावं लागतं. पाहुण्यांकडे झोपला की सगळे दचकतात. चांगला डोळा झाकून ठेवायची पट्टी अजून चालू आहे, त्यावर तो स्वतः चित्रं काढतो, कधी वाघ कधी ट्रॅक्टर.
शाळेत चिडवतात का म्हणाल तर हो. पण तो त्यांना झोपेत उघडा राहणारा डोळा दाखवायचं आमिष दाखवतो.

चाफेकळी
पंचगंगा, लेकाला माझ्याकडून पापा. बरं झालं लिहिलंत.

हडसनकाठची
वाघवाल्या पट्टीचा फोटो टाका ना

माजघर
सगळे चांगलंच लिहिताहेत म्हणून मी. माझी बरी झाली नाही. एका बाजूची घडी वर, दुसरी खाली. डावा डोळा रात्री पूर्ण मिटत नाही, सकाळी वाळू गेल्यासारखा उठतो. जिथे केली ते म्हणाले सहा महिने थांबा, टाक्यांची रेघ मऊ होते, सूज उतरते. थांबले. घडी थोडी जुळली, मिटण्याचं तसंच. आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल. वाईट याचं वाटतं की कुणाला सांगताच येत नाही. मोतीबिंदू बिघडला तर लोक हळहळतात. हे बिघडलं तर, "कुणी सांगितलं होतं?"
नवऱ्यानेही तेच विचारलं. एकदाच, पण विचारलं.

दुपारचा_चहा
माजघर 🫂 मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. खरंच कर.

नेत्रपल्लवी
माजघर, थेंब किती वेळा घालता? दिवसातून चारपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या. रात्री खोलीत पंखा थेट तोंडावर नको. आणि हे शक्यतो प्लास्टिक सर्जन नाहीतर ऑक्युलोप्लास्टीवाल्यांकडूनच (पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ) दुरुस्त करून घ्या. घाईने दुसरी शस्त्रक्रिया मात्र नको.

माजघर
पंख्याचं कुणीच बोललं नव्हतं. आमचा अगदी डोक्यावर आहे. थँक्यू डॉक्टर.

जुनं_दप्तर
यानिमित्ताने, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात त्यावर, पापणीची कातडी जवाच्या आकारात कापून केसाने शिवायला सांगितलं आहे. आजचा वरच्या पापणीचा छेदही साधारण तसाच, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता.

वऱ्हाडी_ठेचा
सुश्रुतानं जीएसटी किती लावला होता?

कोथिंबीरवडी
आले परत. सोलवासी, तो भोपळ्याचा रस वाचून घारगे करायला घेतलेत. कुणाचे घारगे तेल पितात का माझ्यासारखे?

पंचगंगा
किसून शिजवताना पाणी घालता का? घालायचंच नाही. गुळाचं जे सुटतं त्यातच कणीक मावेल तेवढी, घट्ट भिजवायची. चमचाभर तांदळाचं पीठ.

कोथिंबीरवडी
पाणी घालत होते 🙈

सोलवासी
इथे तांदळाचं पीठ मुबलक, कणीक मिळवायला मात्र एक तास मेट्रो. आता करणारच.

निळी_छत्री
वाचनमात्र होते, आज विचारतेच. माझे टाके उद्या काढणार आहेत. दुखतं का? घरी फक्त बहिणीला माहीत आहे.

दुपारचा_चहा
दुखत नाही, चिमटे बसतात. कोपऱ्यातला टाका जरा ओढतो तेव्हा बहिणीचा हात धर. एखाददुसरा पापणीचा केस चिमट्याबरोबर आला तर घाबरू नकोस, परत उगवतो. गॉगल ने, परतताना ऊन सहन होत नाही. काजळ अजून दोन आठवडे नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत लेन्सही नाही.

निळी_छत्री
गॉगल बहिणीचा आहे, फुलाफुलांचा. चालेल ना?

दुपारचा_चहा
धावेल.